साळिंदराची लिपी

गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी नववीतल्या एका मुलाने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "सर, हेच्यावर कायतरी लिहिल्यालं हाय, बघा की ओ."

सांबराचं शिंग होतं. पूर्ण नाही, बुडाकडचा तुकडा. पट्टीने मोजला तर 24 सेंटिमीटर. बुडाशी असतं ते खडबडीत गोल कडं शाबूत होतं, म्हणजे शिंग सांबराने आपणहून गाळलेलं. मारून काढलेल्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो. पहिला फाटा फुटतो त्याच्या वरच्या कडेला रेघा होत्या. समांतर, एकीला एक खेटून, रेघी वहीच्या पानासारख्या. मी मोजल्या. 29 भरल्या.

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. मराठी माध्यम. पोरं गवळ्यांची आणि भातशेती करणाऱ्यांची. पावसाळ्यात रानातून वर्गात काही ना काही येतंच: मोरपिसं, सापाची कात, कधी पिशवीभर अळंबी. मी विज्ञान शिकवतो आणि आदिमानव हा माझा जुना नाद. या प्रकरणाची टिपणं ठेवली ती उद्या दुसऱ्या कुणा शिक्षकाच्या टेबलावर असलं काही आलं तर उपयोगी पडावीत म्हणून. माझ्या चुकाही त्यात आहेत, आणि पहिली चूक पहिल्याच मिनिटाला झाली. शिंग ओढ्याच्या वरच्या बाजूला, एका कातळाच्या कपारीत सापडलं असं मुलगा म्हणाला. रेडकू हरवलं होतं ते शोधायला गेला होता. "कपारीत अजून काय होतं?" हे मी विचारलंच नाही.

कुणी काय वाचलं

मधल्या सुट्टीपर्यंत शिंग सगळ्या स्टाफरूममध्ये फिरलं. इतिहासाच्या सरांना गोव्यातलं पणसायमळ आठवलं. चोर्ला घाट उतरलं की गोवा, आणि तिथे कुशावतीच्या काठी जांभ्या कातळावर बैल, मोर, चक्रव्यूह कोरलेले आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांच्या बातम्याही अलीकडे सगळ्यांच्या वाचनात असतात, त्यामुळे "आपल्याकडेही असणारच" या वाक्याला कुणी हरकत घेतली नाही.

शाळेत कामानिमित्त आलेल्या एका निवृत्त कारकुनांना मोडी वाचता येते. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. त्यांच्या मते ही रेघ ओढून ठेवलेली होती, मजकूर लिहायचा राहून गेला. कन्नडच्या सरांनी ते हसण्यावारी नेलं आणि वळणं हळेगन्नडची, म्हणजे जुन्या कन्नडची, आहेत असं सांगितलं. आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली यावरून मोर्चे निघतात, तिथे शिंग कसं सुटावं? दोघेही अर्धे चेष्टेत होते. अर्धेच.

मी मागे नव्हतो. मी तर थेट पाच लाख वर्षं मागे गेलो. जावा बेटावर सोलो नदीकाठी त्रिनिल नावाची जागा आहे. 1891 साली यूजीन द्युब्वा या डच वैद्याला तिथे होमो इरेक्टस या प्राचीन मानवाच्या कवटीचा माथा सापडला. त्याच खोदकामातले गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे ढीग हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात शतकभर पडून होते. 2007 मध्ये स्टीफन मन्रो या संशोधकाने त्यांचे फोटो काढले, आणि एका शिंपल्याच्या फोटोत त्याला नागमोडी कोरलेली रेघ दिसली. पुढची सात वर्षं तपासण्यात गेली. 2014 मध्ये शोध प्रसिद्ध झाला: रेघ मुद्दाम कोरलेली आहे आणि शिंपल्यातल्या गाळाचं वय 4 लाख 30 हजार ते 5 लाख 40 हजार वर्षं आहे. आपल्या जातीचा माणूस जन्मायच्या आधीची ती रेघ.

त्यात आमच्या अंगणातली मलप्रभा. ती कणकुंबीला उगम पावते, खानापुरावरून सौंदत्तीला जाते आणि पुढे बदामी तालुक्यात शिरते. मलप्रभा आणि घटप्रभेच्या खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकातच रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकाला दगडी हत्यारं मिळाली होती. आणखी पूर्वेला, आताच्या यादगीर जिल्ह्यात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी हुणसगीच्या खोऱ्यात आयुष्य घातलं. तिथल्या इसामपूरला चुनखडीच्या हातकुऱ्हाडी घडवण्याची जागाच मिळाली, आणि तिथल्या जनावरांच्या दातांवरून तिचं वय 12 लाख वर्षांच्या आसपास निघालं. म्हणजे या नद्यांच्या काठी प्राचीन मानव होता हे पक्कं. माझ्या डोक्यात गणित जुळलं: माणूस होता, शिंग आहे, रेघा आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. शिंग दोन दिवस माझ्या कपाटात राहिलं, तेही चुकलंच. गळून पडलेलं का असेना, सांबरशिंग जवळ बाळगणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी वनखात्याला कळवलं.

तासाभराची तपासणी

आलेला वॉचर आमच्याच बाजूचा; घरी कन्नड, बाजारात मराठी. त्याने शिंग एकदा फिरवलं, रेघांवरून अंगठ्याचं नख ओढलं आणि म्हणाला, "मुळ्ळुहंदी. साळिंदर ओ सर. दात घासल्यात." मग मुलाकडे वळून विचारलं, "काटे होते काय रे तिथं?"

"होते की. हे एवढे." मुलाने दोन्ही हात फाकवले. "हाडं पण होती. पर काटे तर सगळीकडंच पडल्याले असतात."

मला साळिंदर नको होतं, हे कबूल करतो. पाच लाख वर्षांवरून मागच्या पावसाळ्यावर यायचं म्हणजे फार खाली उतरावं लागतं. मी वॉचरला म्हटलं, तुझं म्हणणं बरोबर असेल, पण पोरांना ते पुराव्याने कळू दे. पंचनामा लिहून होईपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर तासभर शिंग वर्गात ठेवायला तो तयार झाला. चहा मागवला.

गणपतीच्या मूर्तीची शाडू शाळेत उरली होती. ती मळून, थापून रेघांवर हलकेच दाबली की खाचेचा उलटा ठसा मिळतो आणि तो कापला की खाचेचा तळ कसा आहे ते दिसतं. दुसरीकडे दोन मुलांनी मटणाच्या दुकानातून आणलेल्या नळीवर गारगोटीच्या कपचीने रेघा ओढल्या. आदिमानवाने ओढल्या असत्या तशा. तिचाही ठसा घेतला. दोन्ही ठसे शेजारी ठेवल्यावर फारसं बोलायची गरज उरली नाही. गारगोटीची खाच अरुंद, खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, आणि भिंगातून पाहिलं तर तिच्या पोटात केसाएवढ्या आणखी रेघा. दगडाची धार कधीच एकसंध नसते. शिंगावरची खाच 3 ते 4 मिलिमीटर रुंद, उथळ, सपाट तळाची, पटाशीने रंधल्यासारखी. बहुतेक खाचा जोडीने होत्या. जिथे एक जोडी दुसरीवर चढली होती तिथे मोजणीत एक रेघ गळली, म्हणून आकडा विषम आला होता.

पलीकडची बाजू आम्ही तोवर पाहिलीच नव्हती. रेघांच्या बरोबर मागे आखूड, बोथट खळगे होते. कुरतडणारी जनावरं वरचे दोन दात रोवून धरतात आणि खालचे दोन दात ओढतात, त्यामुळे एका बाजूला टेकू आणि दुसऱ्या बाजूला खरवड. एका मुलीने विचारलं, रेघा कडेलाच का आहेत, मधली सपाट जागा मोकळी का सोडली? हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. लिहिणारा हात सपाट जागा शोधतो. दाताला सपाट जागेवर पकड मिळत नाही, त्याला कड लागते.

साळिंदर हे का करतं? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवावे लागतात. आणि पाल्यामुळांच्या खाण्यात कमी पडणारं कॅल्शियम, फॉस्फरस हाडांतून आणि शिंगांतून मिळतं. म्हणून ते अशा वस्तू ओढत आपल्या कपारीत आणतं. कपारीतली हाडं, काटे आणि शिंग हे सगळं एकाच घरातलं सामान होतं. पोराने त्यातला फक्त "लिहिलेला" तुकडा उचलला, आणि मी फक्त तुकडाच पाहिला.

वयाचाही निकाल लागला. आमच्याकडची जांभी माती आम्लधर्मी, त्यावर कणकुंबीकडचा पाऊस. या मातीत हाड फार काळ टिकत नाही. शिंग हजारो वर्षांचं असतं तर ते सापडलंच नसतं. दगडी हत्यारं भरपूर मिळतात आणि हाडावरचं कोरीवकाम मिळत नाही याचं एक कारण हे मातीचं रसायन आहे. त्यावरून "इथला आदिमानव फक्त दगड फोडायचा" असा अर्थ काढणंही तितकंच चुकीचं.

मोठ्यांची साळिंदरं

आम्ही फसलो त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, कारण आमच्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं याच वाटेवर घसरली आहेत. रेमंड डार्ट हे दक्षिण आफ्रिकेतले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. 1925 मध्ये त्यांनी तौंगच्या बालकाच्या कवटीवरून ऑस्ट्रेलोपिथेकस हा माणसाचा प्राचीन पूर्वज जगापुढे आणला. तेव्हा त्यांची टिंगल झाली, पुढे ते खरे ठरले. त्याच डार्टनी मकापान्सगाटच्या गुहेतल्या फुटक्या हाडांच्या ढिगात हत्यारं पाहिली: मांडीचं हाड म्हणजे सोटा, जबडा म्हणजे करवत. हाडं, दात आणि शिंगं वापरणारी एक आख्खी संस्कृती त्यांनी 1950 च्या दशकात मांडली. बॉब ब्रेन या संशोधकाने मग वर्षानुवर्षं दुसरंच काम केलं. बिबटे, तरस आणि साळिंदरं आपल्या बिळांत हाडं कशी जमवतात, कुठलं टोक आधी खातात, काय उरतं, हे त्याने मोजलं. ढिगाचं कोडं सुटलं. आपले पूर्वज अशा गुहांत शिकारी म्हणून आले नव्हते. बऱ्याचदा ते शिकार म्हणून ओढून आणले गेले होते.

इराकमधल्या शानिदार गुहेची गोष्ट मुलांना जास्त आवडली. 1960 मध्ये राल्फ सोलेकींना तिथे एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला, आणि भोवतीच्या मातीत फुलांच्या परागांचे पुंजके. मेलेल्याला फुलं वाहिली! ही कल्पना इतकी गोड होती की ती जगभर पसरली. नंतर कुणीतरी त्याच थरातल्या उंदरांच्या बिळांकडे बोट दाखवलं; हे उंदीर फुलं साठवतात. अलीकडे, 2023 मध्ये, जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांचंही नाव पुढे आलं. निअँडरथलांना फुलं कळत नव्हती असा याचा अर्थ नाही. ते परागकण त्यांच्या बाजूने साक्ष देत नाहीत, एवढंच.

होमो नालेदीचं प्रकरण तर अजून गरम आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत मिळालेला हा छोट्या मेंदूचा मानव साधारण 2 लाख 36 हजार ते 3 लाख 35 हजार वर्षांपूर्वीचा. 2023 मध्ये ली बर्जर आणि सहकाऱ्यांनी दावा केला की नालेदी मृतांना पुरत असत आणि त्यांनी भिंतीवर रेघा कोरल्या. पहिल्या फेरीतल्या परीक्षकांनी पुरावा अपुरा ठरवला. इतरांनी भिंतीच्या डोलोमाइट खडकावर झीज होऊन आपोआपही अशा रेघा पडतात याची आठवण करून दिली. वाद चालू आहे. मी अजून कुठल्या बाजूला गेलेलो नाही, आणि साळिंदरानंतर तर घाई नाहीच.

मग त्रिनिलचा शिंपला का टिकला? तो तपासणाऱ्यांनी जवळपास आमच्या वर्गासारखीच, पण शंभरपट काटेकोर कसोटी लावली. रेघ वळते तिथे तुटत नाही, म्हणजे हत्यार न उचलता एका दमात ओढलेली आहे. ती इतर ओरखड्यांसारखी वाटेल तशी जात नाही. त्यांनी ताज्या शिंपल्यावर शार्क माशाच्या दाताने तशीच रेघ ओढून पाहिली आणि खाच जुळली. तिथे साळिंदर शोधून झालं आणि सापडलं नाही, म्हणून हात उरला. पण हाताने ओढली एवढंच त्यातून सिद्ध होतं. तिचा काही अर्थ होता का? एक शिंपला ते सांगू शकत नाही. त्यापेक्षा मला ब्लॉम्बॉसचा पुरावा वजनदार वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरच्या गुहेत सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीचे गेरूचे कोरलेले तुकडे मिळाले, एकापेक्षा जास्त, आणि तीच आडवीतिडवी जाळी पुन्हा पुन्हा. आपल्या जळगाव जिल्ह्यात पाटण्याला एस. ए. सालींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली जाळीची नक्षी मिळाली, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची. सोबत त्याच कवचाचे मणी. मणी करणारा माणूस नक्षी काढतो तेव्हा ती नक्षी एकटी पडत नाही.

साळिंदराला लिहायचंच असेल तर?

हा प्रश्न बाकावर मागे बसणाऱ्याने विचारला आणि वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण याचं उत्तर सोपं नाही.

मराठीत एक शब्द आहे, संकेत. खूणही संकेत आणि ठरावही संकेत. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, फार पूर्वीच म्हटलं की शब्दाचा अर्थाशी संबंध जुळतो तो "या शब्दाने हे समजावं" अशा संकेतामुळे. वर्गात मी एवढाच धागा धरला: ठरलेलं आहे की नाही? वाघ झाडावर नखं ओढतो ती खूण आहे. भीमगडच्या रानात ती वॉचरला दिसते आणि दुसऱ्या वाघालाही. पण ती वाघाच्या अंगाची, वासाची, उंचीची खूण. वाघांनी एकत्र बसून ठरवलेली नव्हे. मधमाशीचा नाच याहून थक्क करणारा. कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी: नाचाच्या कोनावरून दिशा, कंप किती वेळ चालला त्यावरून अंतर. आग्या मोहोळावरही तो नाच होतो. तरी त्या नाचाचं व्याकरण मुख्यतः जन्मजात. कुठल्या पोळ्याने बैठक घेऊन ते बदललं नाही.

व्हर्वेट माकडं मधल्या पायरीवर येतात. 1980 मध्ये केनियात रेकॉर्ड केलेले इशारे स्पीकरवर वाजवून पाहिले, तेव्हा बिबट्याच्या इशाऱ्याला माकडं झाडावर चढली, गरुडाच्या इशाऱ्याला त्यांनी वर पाहिलं, सापाच्या इशाऱ्याला मागच्या पायांवर उभं राहून गवतात पाहिलं. आवाज आणि प्राणी यांची जोडी आहे. पण बिबट्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी "काल बिबट्या आला होता" असं सांगत नाही. कांझी नावाचा बोनोबो शेकडो आकृत्यांचे ठरलेले अर्थ ओळखत असे, आणि त्यातल्या बहुतेक आकृत्या ज्या गोष्टी सांगतात त्यांसारख्या दिसतही नव्हत्या. क्षमता होती, मात्र ठराव माणसांनी केलेला होता.

आणि पश्चिम आफ्रिकेतले चिंपांझी मला खरोखर गप्प करतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, चार ठिकाणचे चिंपांझी ठरावीक झाडांवरच दगड मारतात आणि बुंध्याशी दगडांचे ढीग साचतात. खाण्यासाठी नाही. कशासाठी, ते पक्कं कळलेलं नाही. हत्तींचंही तसंच: आफ्रिकेतल्या प्रयोगात त्यांनी इतर वस्तूंपेक्षा हत्तीच्या कवटीकडे आणि हस्तिदंताकडे जास्त वेळ दिला. दांडेलीच्या बाजूने आमच्या भातात उतरणारे हत्ती पाहिलेल्या पोरांना हे पटकन खरं वाटलं. शोक म्हणावा की कुतूहल, यावर वर्गात वाद झाला आणि घंटा झाली.

म्हसोबा

मी फळ्यावर निष्कर्ष लिहिला होता: "माणसाची खूण नाही, म्हणून प्रतीक नाही." पंचनाम्यात वॉचरने "सांबरशिंग एक, कुरतडलेलं" अशी नोंद केली आणि शिंग घेऊन तो गेला. शिंग आणणारा मुलगा फळ्याकडे बघत राहिला होता.

"सर, आमच्या म्हसोबावर पण कायबी कोरल्यालं न्हाई. मग त्यो काय?"

त्याच्या घराच्या वर, जांभ्याच्या माळावर म्हसोबाचा तांदळा आहे. नाक नाही, डोळे नाहीत, छिन्नीचा एक घाव नाही. शेंदूर फासलेला गोटा. रेडकू सापडलं की नारळ त्यालाच. मी फळा पुसला. दुसरं काय करणार?

मकापान्सगाटच्या त्याच गुहेत, डार्टच्या हाडांच्या ढिगाशिवाय, एक गोटा मिळालेला आहे. 1925 मध्ये तो एका शाळामास्तरांनाच सापडला, विल्फ्रेड आइट्झमन त्यांचं नाव. तांबूस जॅस्पेराइट दगडाचा, सुमारे 260 ग्रॅमचा. पाण्याने झिजून त्यावर दोन डोळे आणि तोंडासारखे खळगे झालेले. कुणी घडवलेला नाही. पण तो दगड त्या गुहेतला नाही, कित्येक किलोमीटरवरून आलेला आहे, आणि सुमारे 30 लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकसच्या अवशेषांबरोबर पडलेला होता. कुणीतरी त्यात चेहरा पाहून उचलून आणला, असं मानणारे बरेच आहेत. नुसता रंग आवडला म्हणून उचलला असेल तरी नवल नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: पुरावा दगडावर नाही, दगडाच्या जागेत आहे. जो इथला नाही, तो इथे कसा?

आठवड्याने आम्ही म्हसोबाच्या माळावर गेलो. मुलाच्या आज्ज्याला आधी विचारलं. "बघा की, पर चपला खाली काढा," म्हणाला. काम एकच: हे ठाणं हजारो वर्षांनी कुणाला सापडलं, शेंदूर, माणसं, भाषा सगळं गेलेलं असलं, तर काय उरेल त्याची यादी करायची. नारळाच्या करवंट्या कुजतील. कोंबड्याची हाडं या मातीत विरतील. पितळी घंटा राहील, पण तिचा या दगडाशी काय संबंध हे कोण सांगणार? शेंदूर धुऊन जाईल. मात्र बाजारातला शेंदूर बहुधा शिशाचा ऑक्साइड असतो, त्यामुळे दगडाभोवतीच्या मातीत शिसं आजूबाजूपेक्षा जास्त राहू शकतं. हे एका मुलीने स्वतः शोधून आणलं, आणि मला ते सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत शास्त्रीय वाक्य वाटतं. आणि गोटा. गुळगुळीत, काळा, नदीत झिजलेला, आणि सच्छिद्र तांबड्या जांभ्यावर रोवलेला. तो इथे पाण्याने येऊ शकत नाही. माळ ओढ्यापेक्षा बराच उंच आहे. आज्ज्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या आज्ज्याच्या आज्ज्याने तो मलप्रभेतून डोक्यावरून आणला. मग पोरांनी शेजारच्या तीन वाड्यांची ठाणी पाहिली. तिन्ही ठिकाणी नदीचाच गोटा, जांभ्यावर, उभा. चार वेळा तेच.

शेणाचे पांडवही यादीत घ्यावेत असं कुणीतरी म्हणालं. दिवाळीत पाडव्याला आमच्याकडे बायका अंगणात शेणाचे पांडव मांडतात. चार दिवसांनी ते उकिरड्यावर. उरण्याच्या रकान्यात शून्य. निअँडरथलांच्या किंवा त्रिनिलच्या मंडळींच्या अंगणात काय काय मांडलं जात असेल, आणि आपण त्यांना कोरलेल्या रेघा मोजून गुण देतोय, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पोरांनी दोन खोकी मांडली. एकात शिंगाचा फोटो आणि शाडूचे दोन ठसे, दुसऱ्यात माळाचा नकाशा आणि उरण्या-न उरण्याची यादी. शीर्षक कन्नडमध्येही लागणार होतं. ते कन्नडच्या सरांनीच करून दिलं, "मुळ्ळुहंदिय लिपि", आणि हळेगन्नडचा विषय पुन्हा काढला नाही. एका परीक्षकांना विज्ञानात देव कशाला आणला ते पटलं नाही. दुसऱ्यांनी ठसे बराच वेळ पाहिले. बक्षीस मिळालं नाही.

प्रकल्पाची वही परत आली तेव्हा मी गुण कुठे गेले ते पाहत होतो. मुलाने दोन्ही वस्तूंचा तक्ता केला होता. शिंग: लांबी 24 सेंटिमीटर, वजन 310 ग्रॅम, रेघा 29. गोटा: उंची 28 सेंटिमीटर, घेर 61 सेंटिमीटर, रेघा 0, वजन: उचलत नाहीत. शेवटच्या दोन शब्दांभोवती परीक्षकांनी तांबड्या पेनने गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "एकक?"